स्विस चार्डचे बियाणे: उगवण उत्तम, पाकिटावरील माहिती अपुरी

मार्केट यार्ड परिसरातील एका बियाण्यांच्या दुकानातून स्विस चार्ड या पालकासारख्या पालेभाजीच्या ‘ब्राइट लाइट्स’ वाणाचे पाकीट आणून दिवाळीनंतर गच्चीवरील वाफ्यात पेरले. १९९८ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचा पुरस्कार मिळालेले हे वाण रंगीत देठांसाठी ओळखले जाते, आणि पिवळे, केशरी, गुलाबी देठ खरोखरच आले. गर्द लाल मात्र मोजकेच.

चार्ड हे बीटाचेच भावंड असल्याने त्याचा खडबडीत दाणा म्हणजे प्रत्यक्षात अनेक बियांचा गुच्छ असतो. त्यामुळे एकाच जागी दोन-तीन रोपे उगवतात, आणि त्यांतील जोमदार रोप ठेवून बाकीची उपटण्याऐवजी कात्रीने कापावी लागतात, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का लागत नाही. पाकिटावर या विरळणीचा उल्लेखच नाही. दाणे रात्रभर भिजवून सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावेत, हेही नाही. उलट ‘वर्षभर पेरा’ असे ठळक छापले आहे. पुण्याच्या एप्रिल-मेमधील उन्हात कोवळी रोपे कोमेजतात, हे विक्रेत्याने तरी सांगायला हवे होते.

बाहेरची पाने देठासह तोडत राहिल्यास आतून नवी फुटत राहतात. लसणाची फोडणी देऊन, देठ आधी आणि पाने नंतर घालून केलेली डाळभाजी मला पालकापेक्षा सरस वाटली. किंमत पालकाच्या बियाण्याहून बरीच जास्त असली तरी पुढच्या ऑक्टोबरात हेच वाण घेईन, मात्र पाकिटावरची पुसट छापलेली मुदत दुकानातच नीट वाचून.