दाभोळ दाखवतो म्हणून नेलं आणि धोपाव्याच्या जेट्टीवर उभं केलं

साताऱ्यात सध्या व्हॉट्सॲपवर कोकणातल्या एकदिवसीय सहलींच्या जाहिराती फिरतायत. त्यातल्या एका सहलीला मी आणि माझी आत्या डिसेंबरात जाऊन आलो. पैसे घेऊन माणूस पळाला, बस आलीच नाही, असलं काही झालं नाही. बस आली, पोहे मिळाले, समुद्रही दिसला. तरी ही फसवणूकच होती, आणि ती आधी ठरवून, कागदावर लिहून केलेली होती. तो कागद मी स्वतः वाचला, म्हणून हे सगळं लिहायला बसले. आयोजकाचं नाव देत नाही, कारण तक्रार चालू आहे. आणि देऊन उपयोगही नाही, त्याने ते बदललंय.

जाहिरातीचा मथळा होता ‘मध्ययुगीन कोकणची सफर’. दाभोळ, अंजनवेलचा गोपाळगड, गुहागर, हेदवी, जयगड, सगळं एका दिवसात. एसी पुशबॅक कोच, इतिहासाचे अभ्यासक मार्गदर्शक म्हणून सोबत, नाश्ता, सुरमई थाळी, दोन वेळा चहा. पहाटे पाचला पोवई नाका, रात्री दहाला परत पोवई नाका. माणशी १६५० रुपये. खाली किल्ल्याचा, मशिदीच्या घुमटाचा आणि सूर्यास्ताचा फोटो.

आत्याने तो फोटो पाहिला आणि तिथेच ठरलं. दाभोळची चंडिका हे तिच्या सासरचं कुलदैवत. देऊळ म्हणजे खडकात कोरलेली गुहा, आत विजेचा दिवा नाही, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात देवी बघायची. गुडघे धरल्यापासून तिचं जाणं झालं नव्हतं. कोचने दारापर्यंत नेणार म्हटल्यावर ती हरखली. मला स्वतःला ओढ होती ती बंदराची. दाभोळ हे बहामनी आणि नंतर आदिलशाही काळातलं मोठं बंदर. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात आपल्या मुलखात भटकला आणि परतीचं जहाज त्याने दाभोळहून पकडलं. पुढे १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदाने हे शहर जाळलं. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता, त्याचा तो सूड. एवढं घडलेलं गाव आपल्यापासून एका घाटाच्या अंतरावर आहे आणि आपण दर खेपेला गुहागरच्या वाळूत बसून परत येतो, हे मला कधीचं खटकत होतं.

आधी ५०० रुपये ‘सीट लॉक’ म्हणून मागितले. सहलीच्या दोन दिवस आधी उरलेले, ‘नाहीतर वेटिंगवाले थांबलेत’. यूपीआयने पैसे टाकताना स्क्रीनवर जे नाव आलं ते आयोजकाचं नव्हतं, कुणा तिसऱ्याच बाईचं होतं. विचारलं तर ‘आमच्या अकाउंटंट मॅडम’. पावती मागितली तर ‘कन्फर्म’ एवढा एक शब्द आणि हात जोडलेली बाहुली.

पहाटे बस आली ती सव्वासहाला, कऱ्हाडकडची माणसं आधीच भरून. पुशबॅक सीट होत्या, पण मागे गेलेली पाठ पुढे येत नव्हती. एसीबद्दल उत्तर मिळालं, घाटात लोड येतो, खाली उतरल्यावर लावू. खाली उतरल्यावर कुणी लावला नाही. आमचे सीट नंबर दुसऱ्यांनाही दिलेले होते. जास्तीच्या चौघांना एका पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीत बसवून मागून आणलं. ही गोष्ट मला आजही सगळ्यात जास्त खुपते. भाड्याने चालवायच्या गाडीला पिवळी पाटी लागते. खासगी पाटीच्या गाडीत भाड्याचे प्रवासी बसवले आणि घाटात काही झालं, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. त्या चौघांत एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन होती.

इतिहासाचे अभ्यासक आले नाहीत. त्यांच्या जागी ‘टूर लीडर’ म्हणून कॉलेजातला एक मुलगा होता, त्याची ही पहिलीच सहल. पाटण ओलांडल्यावर तो माइक घेऊन उभा राहिला आणि मोबाइलवरून वाचू लागला. गोपाळगड महाराजांनी इंग्रजांना रोखायला बांधला म्हणाला. मागच्या सीटवर कऱ्हाडचे एक निवृत्त शिक्षक होते. ते शांतपणे म्हणाले, “बाळ, तो किल्ला आदिलशाहीतला. महाराजांनी तो नंतर घेतला. पुढे सिद्दीकडे गेला, सिद्दीकडून तुळाजी आंग्र्यांनी घेतला, गोपाळगड हे नाव तेव्हाचं.” पोराने माइक खाली ठेवला तो दिवसभर उचलला नाही. मग कोयनानगरपासून कुंभार्ली उतरेपर्यंत गुरुजीच बोलले. चिपळूण ते कऱ्हाड ही जुन्या व्यापाराची वाट, याच घाटाने माल वर देशावर चढायचा, हे त्यांनी खिडकीतून वळणं दाखवत सांगितलं. सबंध सहलीतला पैसे वसूल झालेला भाग तेवढाच, आणि त्यांनी स्वतःही १६५० भरले होते!

चिपळुणाच्या बाहेर बस एका काजू-कोकमाच्या दुकानासमोर लागली. ‘फ्रेश व्हायला दहा मिनिटं.’ पाऊण तास झाला तरी हलेना. स्वच्छतागृह दुकानाच्या अगदी मागे, म्हणजे आंबापोळी, आगळ, काजूगर, फणसाचे तळलेले गरे या सगळ्यांतून वाट काढत जायचं. काजूच्या पिशवीवर ना वजन ना तारीख. टूर लीडर काउंटरच्या आत उभा राहून वहीत काहीतरी लिहून घेत होता. त्याचा अर्थ सांगायला नको.

गुहागरच्या अलीकडून बस रानवीच्या बाजूला वळली आणि पॉवर प्रोजेक्टच्या चिमण्या दिसू लागल्या. पोरगा म्हणाला, “हे आलं दाभोळ.” अर्धी बस खिडक्यांकडे धावली. आमच्या पिढीने नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या बातम्यांत ‘दाभोळ’ इतक्या वेळा ऐकलंय की कुणाला शंका आली नाही. पण तो प्रकल्प आहे खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात. दाभोळ गाव वाशिष्ठीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. मी तसं म्हटल्यावर तो गडबडला. “हो हो ताई, जेट्टीवर जातोय ना आपण.”

धोपाव्याची जेट्टी आली. समोर खाडी, पलीकडे दाभोळ. पोराने हात लांब केला. “ते बघा. तो घुमट दिसतो ना, ती मशीद. चंडिका देवी वर डोंगरात. पंधरा मिनिटं आहेत, फोटो काढून घ्या.”

सुरुवातीला कुणाला कळलंच नाही की दाभोळ झालं. मग आत्या म्हणाली, “अरे, पण पलीकडे कधी जायचं?” त्याने सांगितलं, फेरीबोट बिघाडामुळे बंद आहे. हे तो बोलत असतानाच फेरीबोट पलीकडून आली, धक्क्याला लागली, तिच्यातून मोटारी, दुचाक्या आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या कोळणी उतरल्या. मग कारण बदललं. बसचं फेरीचं तिकीट पॅकेजमध्ये नाही. आम्ही म्हटलं, बस राहू दे, माणसं चालत जातात, दहा-पंधरा मिनिटांचं पाणी आहे, तिकिटाचे पैसे आम्ही भरतो. तर म्हणे गुहागरला जेवण तीनला बंद होतं, कुणी मागे राहिलं तर बस थांबणार नाही. परक्या गावात, सोबत वयस्क माणूस, आणि बस सोडून जाण्याची धमकी. आम्ही मुकाट्याने चढलो.

त्या पंधरा मिनिटांत मी ड्रायव्हरमामांकडे गेले. ते चाकाजवळ तंबाखू मळत उभे होते. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते म्हणाले, “ताई, माझ्यावर कशाला चिडताय? ही बघा स्लिप.” खिशातून घडी घातलेला कागद काढला. गाडीमालकाची ड्यूटी स्लिप. त्यावर निळ्या शाईत: सातारा–गुहागर–धोपावे जेट्टी–सातारा, ३८० किमी. दाभोळ नाही, हेदवी नाही, जयगड नाही. तारीख आमच्या सहलीच्या चार दिवस आधीची, म्हणजे आमच्याकडून उरलेले पैसे मागण्याच्याही आधीची.

मामांनी पुढे जे सांगितलं ते सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे. असल्या बस किलोमीटरवर ठरतात. रोजचं किमान अंतर धरलेलं असतं, त्याच्या वर गेलं की दर किलोमीटरला जादा पैसे, शिवाय टोल, फेरी, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. आयोजक सगळ्यात स्वस्त अंतर ठरवतो आणि जाहिरातीत हवी तितकी गावं लिहितो. गावं गाळायची कारणं तयारच असतात: भरती, रस्त्याचं काम, ट्रॅफिक, ‘पॅसेंजर उशिरा आले’. स्वतः तो सहलीला कधी येत नाही. दिवसाचे चार पैसे देऊन एखादं पोरगं पाठवतो, शिव्या खायला. “ह्या सीझनला सगळ्या गाड्या जेट्टीपर्यंतच,” मामा म्हणाले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. गोपाळगड ‘रस्ता खोदलाय’ म्हणून गाळला. सुरमईच्या जागी बांगड्याची शेपटी आली, शाकाहारी लोकांना भेंडी. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन आणि किनारा, तो मात्र निवांत मिळाला, कारण दुसरीकडे जायचंच नव्हतं. हेदवी आणि जयगडचं नाव कुणी काढलं नाही. परतीला तेच काजूचं दुकान. सूर्यास्त आम्ही शृंगारतळीच्या आसपास, बसच्या मागच्या काचेतून पाहिला.

जाहिरातीतलं गणित घड्याळ घेऊन मांडलं तर ते बसूच शकत नाही. साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाटाने चिपळूण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तिथून गुहागर आणखी पंचेचाळीस. घाट आणि थांबे धरून बसला पाच तास. जाऊन-येऊन दहा गेले. उरलेल्या सात तासांत धोपाव्याहून खाडी ओलांडून दाभोळ, पुन्हा खाडी ओलांडून परत, गोपाळगड, गुहागर, तिथून आणखी वीस-पंचवीस किलोमीटरवर हेदवी, मग तवसाळला दुसरी फेरी घेऊन जयगड, मध्ये जेवण. ज्याने हा रस्ता एकदा जरी केलाय तो असली जाहिरात लिहूच शकत नाही, आणि लिहितो तेव्हा जाणून लिहितो. एका दिवसात साताऱ्याहून दाभोळ आणि गोपाळगड एवढंच नीट होतं. कुणी त्याहून जास्त गावं कबूल करत असेल, तर पैसे टाकण्याआधी ‘फेरी कितीची पकडणार’ आणि ‘गाडीचं बुकिंग किती किलोमीटरचं’ हे दोन प्रश्न विचारा, उत्तर लेखी घ्या. गाडीचा नंबर आदल्या दिवशी मागा आणि एमपरिवहन ॲपवर फिटनेस, विमा बघा. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्या बसमध्ये आपली म्हातारी माणसं बसवू नका.

परत आल्यावर मी ग्रुपवर पैसे परत मागितले. दोन तासांत ग्रुप ‘ओन्ली ॲडमिन’ झाला, रात्री मला काढून टाकलं. फोनवर उत्तर मिळालं, “मॅडम, आम्ही फक्त बुकिंग करून देतो, टूर दुसऱ्याची असते. आणि दाभोळ दिसलं का नाही?” कहर पुढे आहे. आठवड्याने नव्या नावाची जाहिरात आली, तीच गावं, भाव १७५० आणि ‘आमचे समाधानी पर्यटक’ म्हणून गुहागरच्या किनाऱ्यावरचा आमचाच फोटो. त्यात आत्या चक्क हसतेय. तिने तो पाहिला आणि म्हणाली, “हे मेलं आपल्यालाच आमिष म्हणून लावतंय की गं.”

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तक्रार नोंदली गेली. आयोजकाकडून काही उत्तर आलं नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलं. बरेच जण ‘एवढ्याशा पैशासाठी कोण कोर्टात जाणार’ म्हणून गप्प बसतात, म्हणून सांगते. २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आयोजक कुठलाही असो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल करता येते. अडचण पुराव्याची येते. जाहिरात ‘स्टेटस’ला होती, ती चोवीस तासांत गेली. ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जायची सेटिंग होती. माझ्याकडे यूपीआयचे व्यवहार आणि ते एक ‘कन्फर्म’ उरलं. कऱ्हाडच्या गुरुजींनी मात्र जाहिरातीची छापील प्रत काढून सहलीच्या पिशवीत ठेवली होती, वाटेतली गावं खुणा करून बघायला. पाचांपैकी एकाच नावापुढे बरोबरची खूण आहे. तो कागद तक्रारीला जोडलाय. ड्यूटी स्लिपचा फोटो मामांनी काढू दिला नाही, त्यांची नोकरी आहे, मी आग्रह केला नाही.

आमच्यातल्या काहींना आयोजकाने परस्पर ३०० रुपये पाठवून ‘मिटलं असं लिहून द्या’ म्हटलंय. लिहून देऊ नका. पैसे आले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट ठेवा, त्याने पैसे परत केले हाच पुरावा होतो. आणि डिसेंबरातल्या त्या बसमध्ये, किंवा त्या मागच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत तुम्ही होता आणि जाहिरात किंवा ग्रुपवरचे मेसेज तुमच्याकडे अजून असतील, तर मला कळवा. गाडीचा नंबर कुणी टिपला असेल तर तो आधी हवाय.