‘डेटासकट स्टॉक करून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

फोनचं रूट (सिस्टीमवरचा पूर्ण ताबा) काढतो, फोन कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर, म्हणजे ‘स्टॉक’वर नेतो, बूटलोडर (फोन सुरू होताना कोणतं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारा भाग) पुन्हा लॉक करतो आणि आतला डेटाही जसाच्या तसा ठेवतो, असं कुणी एका दमात सांगितलं तर तिथेच थांबा. सांगणाऱ्याला एकतर काम येत नाही किंवा तो फसवतो आहे. मला भेटलेला माणूस फसवणारा होता. त्याने माझा डेटा पुसला, फोनचं नेटवर्क कायमचं घालवलं आणि मग माझ्याच फोनमधल्या फाइली मला विकायला काढल्या. त्याची पद्धत मी इथे सविस्तर लिहिते आहे, कारण ती अगदी साधी आहे आणि आजही कुणावर तरी चालू असणार.

फोन क्वालकॉम प्रोसेसरचा, मॅजिस्क या साधनाने रूट केलेला. इतकी वर्षं काहीच अडलं नव्हतं. मग बँकेचं ॲप उघडेनासं झालं. बूटलोडर उघडा आहे आणि सिस्टीम प्रमाणित नाही, हे गूगलच्या प्ले इंटेग्रिटी या तपासणीत कळतं आणि असं ॲप दारातूनच परत पाठवतं. म्हणून स्टॉकवर परतायचं ठरवलं. गूगल पिक्सेलच्या फोनांसाठी मूळ फॅक्टरी इमेज (कंपनीच्या सॉफ्टवेअरची फाइल) फुकट मिळते, सोबत एसएचए-२५६ चेकसमही (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, ती पडताळायचा ठसा) दिलेला असतो. सगळ्या कंपन्या हे करत नाहीत. माझ्या मॉडेलची, माझ्या प्रदेशाच्या आवृत्तीची फाइल कंपनीने कुठेच जाहीर केलेली नव्हती. नेमक्या याच जागेत हे लोक बसलेले असतात.

एका मेसेजिंग ग्रुपवर तो भेटला. मॉडेल नंबर, बिल्ड नंबर (सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती), बूटलोडरची स्थिती असे नेमके प्रश्न त्याने विचारले. ‘काम झालं, धन्यवाद’ अशा संदेशांचे स्क्रीनशॉट पाठवले. म्हणाला, “ताई, टेन्शन घेऊ नका. आधी फुल बॅकअप, मग फ्लॅश, मग लॉक. एक फोटो जाणार नाही.” फ्लॅश म्हणजे फोनमध्ये सॉफ्टवेअर नव्याने लिहिणं.

या वाक्यात खरं आणि खोटं असं कालवलेलं आहे की जाणत्यालाही ते वेगळं करायला वेळ लागतो. नुसतं रूट काढायचं असेल तर डेटा खरंच राहतो. मॅजिस्क बूट इमेजमध्ये, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या फाइलमध्ये बदल करतं (अँड्रॉइड १३ सह आलेल्या बऱ्याच फोनांत इनिट-बूट या भागात). त्याच बिल्डची मूळ बूट इमेज परत टाकली किंवा मॅजिस्कमधून पूर्ण अनइन्स्टॉल केलं, की काम होतं. फोटो, चॅट, ॲप कशालाही धक्का लागत नाही. मात्र बूटलोडर तेव्हाही उघडाच असतो. तो लॉक करायला गेलात की बहुतेक फोन सगळा डेटा पुसतात, जसा तो पहिल्यांदा उघडताना पुसला होता. सुरक्षेसाठीच तसं ठेवलेलं आहे आणि त्याला वळसा घालणारी कसलीही ‘ट्रिक’ कुणाकडे नसते.

“पण मी आधी युजरडेटाची पूर्ण इमेज काढून ठेवतो, नंतर परत टाकतो,” हे त्याचं पुढचं उत्तर होतं. युजरडेटा म्हणजे फोनमधला आपला सगळा डेटा असतो तो भाग, आणि इमेज म्हणजे त्याची जशीच्या तशी प्रत. हे ऐकायला पटतं. प्रत्यक्षात अँड्रॉइड १० सह किंवा त्यानंतर आलेल्या फोनांत प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट केलेली असते आणि तिची किल्ली फोनच्या हार्डवेअरशी बांधलेली असते. फोन पुसला की ती किल्लीच नष्ट होते. मग युजरडेटाची इमेज अगदी खरी, शंभर टक्के पूर्ण असली तरी परत टाकल्यावर ती उघडत नाही. म्हणजे त्याने प्रामाणिकपणे काम केलं असतं तरी त्याने दिलेलं वचन पुरं होणं शक्य नव्हतं.

प्रत्यक्ष काम त्याने दुरून केलं. माझ्या संगणकावर रिमोट डेस्कटॉप, फोन केबलने जोडलेला. फोनवर यूएसबी डीबगिंगची (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याची) परवानगी मागणारी चौकट आली, मग मॅजिस्कची सुपरयूजर (रूटचा ताबा देणारी) परवानगी. विभाजनांचा (फोनच्या साठवणीतल्या वेगवेगळ्या कप्प्यांचा) बॅकअप घ्यायला दोन्ही परवानग्या लागतातच, त्यामुळे त्यात वावगं काही दिसत नाही. पण रूट केलेल्या फोनवर या दोन परवानग्या दिल्या की समोरच्याला सगळं घर उघडं होतं: प्रत्येक ॲपचा खाजगी फोल्डर, लॉगिनची टोकन, चॅटच्या डेटाबेसची किल्ली, सगळं.

काळी खिडकी उघडली. ‘बूटचा बॅकअप’, ‘मोडेमचा बॅकअप’, ‘युजरडेटाचा बॅकअप’, आणि पुढे टक्के चढत गेले. चहूबाजूंनी व्यवस्थित, खऱ्यासारखं. काही मिनिटांत ‘यशस्वी’ असं आलं आणि एक मोठी आरएआर फाइल (अनेक फाइली एकत्र बांधलेली) दिसली.

इथे मोजून बघण्यासारखं एक गणित आहे, ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं. यूएसबी २.० चा वेग कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट असतो, प्रत्यक्षात ३० ते ४० मेगाबाइटच्या आसपास मिळतो. फोनमध्ये ८० जीबी डेटा असेल तर तो त्या केबलवरून यायला अर्धा तास तरी हवाच, बहुतेकदा जास्त. ज्याची खिडकी त्या केबलवर काही मिनिटांत शंभर टक्के दाखवते त्याने तो सगळा डेटा कॉपी केलेलाच नाही. दुसरी खूण याहून सोपी आहे. संगणकाच्या डिस्कवरची मोकळी जागा बघा. बॅकअप होत असेल तर ती तेवढ्याच प्रमाणात घटली पाहिजे.

मग फ्लॅश मारणं, बूटलोडर लॉक, फोन सुरू. स्वागताची कोरी स्क्रीन आली. सिम घातलं तर नेटवर्क नाही. *#०६# दाबलं तर आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) जागी काही नाही. तो लगेच म्हणाला, “रूटमुळे तुमचा आयएमईआय उडालाय ताई. आधीच कच्चा होता. रिपेअरचे वेगळे पैसे पडतील.” आणि बॅकअपच्या फाइलला पासवर्ड होता. त्याचे आणखी वेगळे.

पासवर्डचे पैसे दिले. फाइल उघडली. आत नावं सगळी बरोबर होती: बूट, मोडेम-एसटी-१, मोडेम-एसटी-२, एफएसजी, पर्सिस्ट, युजरडेटा. पण मोडेमच्या (मोबाइल नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाच्या) दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ काढला तर तो तंतोतंत सारखा आला. दोन वेगळ्या विभाजनांत एकसारखा मजकूर असायचं कारण नाही. हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडल्यावर उलगडा झाला: पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत शून्य. बूट इमेजचंही तेच. खऱ्या बूट इमेजच्या सुरुवातीला रोमन लिपीत ‘अँड्रॉइड’ हा शब्द आणि उद्गारचिन्ह अशी आठ अक्षरं असतात. इथे तीही नव्हती. त्याने मला शून्यं भरलेल्या फाइली पासवर्ड लावून विकल्या होत्या.

हे त्याला दाखवलं तर म्हणाला, ती चुकीची फाइल होती, खरी त्याच्याकडे आहे, तिचे पैसे पाठवा. तिथे मी व्यवहार थांबवला आणि संगणक धुंडाळायला लागले. तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये त्याची बॅच फाइल (संगणकाने ओळीने करायच्या आज्ञांची यादी) तशीच पडलेली होती. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते, आणि तिच्यात सगळी हकिकत लिहिलेली होती. टक्क्यांच्या ओळी म्हणजे नुसते छापायचे शब्द, मध्ये काही सेकंद थांबायच्या सूचना. कॉपी करणाऱ्या खऱ्या ओळी मोजक्याच: मोडेमची दोन्ही विभाजनं, एफएसजी, आणि माझ्या फोनमधला कागदपत्रांचा फोल्डर. त्या फाइली रिमोट सॉफ्टवेअरच्या फाइल ट्रान्सफरमधून त्याच्याकडे गेल्या आणि माझ्या संगणकावरून पुसल्या गेल्या. त्याच्या खालच्या ओळींत त्याच तीन विभाजनांवर शून्यं लिहायची आज्ञा होती.

म्हणजे आयएमईआय रूटमुळे उडाला नव्हता. तो त्याने उडवला होता, फ्लॅश मारायच्या आधीच, जाणूनबुजून.

ही तीन विभाजनं हातात असणं म्हणजे काय, हे कळलं की या धंद्याचं गणित कळतं. क्वालकॉमच्या फोनांत मोडेम-एसटी-१ आणि २ मध्ये मोडेमची माहिती असते, त्यात आयएमईआय आणि रेडिओची जुळवणी येते. एफएसजी ही त्यांची राखीव प्रत. पहिली दोन बिघडली तर बऱ्याच फोनांत मोडेम याच प्रतीवरून स्वतःला सावरतो, म्हणूनच त्याने तीही पुसली. मीडियाटेकच्या फोनांत हेच काम एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा करतात, सॅमसंगमध्ये ईएफएस. आणि हे सगळं आकाराने फार लहान असतं. कंपनीच्या स्टॉक फाइलमध्ये तुमच्या फोनची ही माहिती नसते, असूही शकत नाही, कारण ती प्रत्येक फोनची वेगळी असते. दुसऱ्या फोनची प्रत आणून चालत नाही. जगात त्याची एकच प्रत असते, ती तुमच्या फोनमध्ये. ती ज्याच्या हाती गेली तो वाटेल ते मागू शकतो.

पुढे त्याने एक ‘स्वस्त’ पर्याय सुचवला: दुसऱ्या, बंद पडलेल्या फोनचा आयएमईआय माझ्या फोनमध्ये लिहायचा. क्रमांक पाठवलासुद्धा. आयएमईआय १५ अंकी असतो आणि त्याचे पहिले ८ अंक मॉडेल कोणतं ते सांगतात. त्याने पाठवलेल्या क्रमांकाचे ते अंक माझ्या खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतच नव्हते. मी म्हटलं, खोक्यावरचाच लिहा. तर म्हणे तो सर्व्हरवर ब्लॉक दाखवतो. हेही खोटं. आयएमईआय बदलणं अनेक देशांत गुन्हा आहे, आणि तो फोन उद्या चोरीच्या यादीत निघाला तर विचारणा तुमच्याकडे होते. कितीही नड असली तरी या वाटेला जाऊ नका. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण त्या क्षणी नेटवर्क परत मिळवण्यासाठी माणूस कशालाही तयार होतो.

त्याच ग्रुपवर तो सॅमसंगवाल्यांना ‘नॉक्स परत शून्य करून देतो’ असंही सांगत होता. नॉक्स ही सॅमसंगची सुरक्षा व्यवस्था, आणि तिचा तो बिट म्हणजे चिपमधला फ्यूज आहे. एकदा उडाला की सुरक्षित फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट ॲप त्या फोनवर कायमचं बंद. तो सॉफ्टवेअरने परत जोडता येत नाही.

आता काम स्वतः करा वा दुसऱ्याकडून करवून घ्या, त्याआधी काय करायचं ते. रूट असतानाच, कुणाचाही हात लागायच्या आधी, वर सांगितलेली छोटी विभाजनं आणि पर्सिस्ट (सेन्सरची जुळवणी बहुधा तिथे असते) स्वतः डीडी या (विभाजन जसंच्या तसं कॉपी करणाऱ्या) आज्ञेने काढा आणि संगणकावर घ्या. प्रत्येक फाइलचा आकार मूळ विभाजनाएवढा आहे का बघा. हेक्स एडिटरमध्ये उघडून आत शून्यांशिवाय काही आहे याची खात्री करा. मग ती प्रत अशा ठिकाणी ठेवा जिथे तो संगणक पोचत नाही. टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरी साधनातून बॅकअप घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: त्यातला ‘डेटा’ म्हणजे ॲप आणि त्यांची माहिती, फोटो आणि डाउनलोड त्यात येत नाहीत. ते वेगळे कॉपी करावे लागतात. एडीबीच्या (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या) जुन्या बॅकअप आज्ञेवर तर विसंबूच नका, अँड्रॉइड १२ पासून नव्या ॲपांचा डेटा ती उचलतच नाही. चॅटचा बॅकअप त्या त्या ॲपमधूनच घ्या. दोन टप्प्यांच्या कोडचं ॲप असेल तर खाती आधी दुसऱ्या फोनवर हलवा आणि तिथला कोड चालतो हे एकदा लॉगिन करून बघा.

बूटलोडर सगळ्यात शेवटी लॉक करायचा, तोही स्टॉक टाकून फोन नीट सुरू झाला, नेटवर्क आलं, आयएमईआय खोक्याशी जुळला हे पाहिल्यावरच. बदललेली किंवा भलत्याच प्रदेशाची सिस्टीम आत असताना लॉक केला तर फोन सुरूच होत नाही, आणि काही फोनांत मग कंपनीच्या अधिकृत खात्याशिवाय तो उघडताही येत नाही.

माझ्यासारखं आधीच घडून गेलं असेल तर रिमोट सॉफ्टवेअर काढून टाका. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, सगळीकडची लॉगिन बंद करा. कागदपत्रं गेली असतील तर बँकेला लगेच कळवा. त्याला पुन्हा पैसे पाठवू नका. दुसरी फाइल खरी निघेल याची काहीही हमी नसते. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राने मला बोर्ड बदलण्याशिवाय उपाय नाही असं सांगितलं, त्यामुळे तो फोन आता फक्त वायफायवर चालतो.

आणि संगणक लगेच फॉरमॅट करू नका. बॅच फाइल, शून्यांची ती आरएआर फाइल, रिमोट सॉफ्टवेअरच्या नोंदी, पैसे पाठवल्याची पावती आणि संपूर्ण संभाषण, हे सगळं आधी वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. सायबर गुन्ह्याची तक्रार मी त्याच आधारावर दिली. बॅकअपचा देखावा करणाऱ्या ओळी आणि विभाजनं पुसणाऱ्या ओळी एकाच फाइलमध्ये एकाखाली एक असल्यामुळे ‘रूटमुळे बिघडलं’ हा त्याचा बचाव तिथे टिकला नाही.