भुसावळच्या रुळांलगत रेगा प्लॅनर ३

आमचं घर रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. आधी हा रेगा प्लॅनर ३, म्हणजे रेकॉर्डी वाजवायचा टर्नटेबल, लाकडी टेबलावर ठेवला होता, तर मालगाडी गेली की सुई थरथरायची आणि स्पीकरमधून घुमारा यायचा. मग भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर कडप्पा बसवला. आता मालगाडी जाते, गायक मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांची तान जागची हलत नाही.

थाळी काचेची, फिरवायला पट्टा. मिनिटाला ३३ फेऱ्यांवरून ४५ वर जायचं तर थाळी उचलून पट्टा सरकवावा लागतो. मला त्याचं काही वाटत नाही, माझ्याकडे बहुतेक ३३ वर वाजणाऱ्या एलपीच आहेत. सुई ऑर्टोफॉनची टू-एम रेड, तबकडीवर तिचा भार १.८ ग्रॅम. तिचा सिग्नल जेमतेम ५.५ मिलिव्होल्टचा, म्हणून तो वाढवणाऱ्या फोनो प्रीअँपचे पैसे धरूनच हिशोब करा.

आवाजाचं काय सांगू! षड्ज लागण्याआधी तंबोऱ्याची जवारी खोलीभर पसरते. तबल्याच्या बायाँवरची मींड पोटात जाणवते. धुळ्याकडची माझी आई पहिल्या दिवशी दारातच थबकली, "तंबोरा घरमाच वाजी ऱ्हायना का रे?" त्या एका वाक्यात माझे सगळे पैसे वसूल झाले.

आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र रेकॉर्डी जपा. मी त्या आतल्या खोलीत, उन्हापासून दूर, उभ्या ठेवतो. एकदा दुपारभर खिडकीत राहिलेली एक तबकडी पापडासारखी वाकली, ती गेलीच.