पावसाळी बुटांच्या नादात 5,698 रुपयांना गंडले, तुम्ही गंडू नका

लिहू की नको यात पंधरा दिवस गेले, कारण घरात आणि शाळेत सगळ्यांनी जेवढं हसायचं तेवढं हसून घेतलंय. पण काल आमच्या रनिंग ग्रुपवर अजून एकीने तसलीच लिंक टाकून "कुणी घेतलेत का गं?" विचारलं आणि डोकंच फिरलं. हो, घेतलेत. मी घेतलेत.

मी साताऱ्याची, सातवीला गणित शिकवते, चार वर्षं पळतेय. आपली हिल मॅरेथॉन म्हणजे 21 किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून यायचं, तेही पावसाळ्यात. चढाला फक्त दम लागतो, माणूस पडतो ते उताराला. माझ्या जुन्या बुटांचे तळ टाचेपाशी पार गुळगुळीत झालेले, त्यामुळे नवीन घ्यायचेच होते, उगाच हौस म्हणून नाही. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली, "मान्सून ट्रेल शूज, शंभर टक्के वॉटरप्रूफ, आउटलेट कायमचं बंद". ट्रेल म्हणजे डोंगरातली कच्ची वाट. मोठ्या परदेशी कंपनीचं नाव, एमआरपी 13,999, सेलमध्ये 3,799. म्हणजे 73 टक्के सूट. वर्गात पोरांना शेकडेवारी आणि नफा-तोटा घोकून घेते मी, आणि स्वतःच्या वेळेला वाटलं काय, तर चला, दहा हजार वाचले!

आता ती वेळ सांगते जी रात्री झोपताना अजून आठवते. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीच्या नावाच्या जागी कुठल्यातरी मोबाइल शॉपीचं नाव आलं. स्पष्ट, ठळक अक्षरांत. अहो शेजारीच होते, म्हणाले, "बुटांचे पैसे मोबाइलवाल्याला कशाला?" आणि मी काय म्हणावं? "तुम्हाला यातलं काही कळत नाही, त्यांचं पेमेंट बघणारं कोणीतरी असेल." गॅसवर दूध होतं, साइटवर "फक्त 2 जोड शिल्लक, 4 मिनिटं" असं उलटं घड्याळ पळत होतं, टाकला पिन. चार मिनिटं! दुसऱ्या दिवशी बघितलं तर तेच घड्याळ पुन्हा चारवरून सुरू.

मग "पार्सल अडकलंय, क्लिअरन्स चार्ज" म्हणून 649. बूट आले ते एक नंबर लहान, खोक्यावर 6 आणि आत जिभेवर 5. बदलून द्यायला "रिफंडेबल पिकअप डिपॉझिट" 1,250. तेही भरलं. हसा. एकदा पैसे अडकले की सोडवायला अजून पैसे टाकतो माणूस, तुम्हीपण टाकाल. टोटल 5,698. पिकअपवाला अजून येतोय. मुलीने जिभेवरच्या टॅगचा कोड गूगलवर टाकला तर लहान मुलांची सँडल निघाली. हे ती दोन मिनिटांत करू शकत होती, पण आधी तिला विचारलं असतं तर ना.

त्यात माझा अजून मूर्खपणा, पैसे गेलेतच तर निदान वापरू म्हणून जाड मोजे सोडून पातळ घातले आणि तेच बूट घालून घाटात गेले. डोंगराचं पाणी जिथे रस्त्यावर येतं ना, त्या वळणावर कडेला हिरवं शेवाळ, तिथे उजवा पाय असा गेला की थेट बसलेच. घोटा मुरगळला, एक्सरे 600. बुटाने पुढून तोंड वासलं ते वेगळंच. पोवई नाक्यावर बूट शिवणाऱ्या काकांना दाखवला, त्यांनी तळ वाकवून बघितला, नख दाबलं आणि म्हणाले, "ताई, हे रबर नाही, पीव्हीसी आहे. ओल्यात सरकणारच. बाथरूमची स्लिपर याच्यापेक्षा बरी." त्यांना मी 30 रुपये देऊ केले, घेतले नाहीत. या सगळ्या प्रकरणात पैसे न घेतलेला एकच माणूस.

खरं म्हणजे ट्रेल शूज लागतच नव्हते. घाटाचा रस्ता डांबरी आहे! जाड गुट्ट्यांचे तळ लाल मातीला आणि चिखलाला, डांबरावर ते नुसते झिजतात. आणि वॉटरप्रूफचं तर नावच घेऊ नका, आपल्याकडच्या पावसात पाणी वरून घोट्यातून आत जातं आणि मग बाहेर पडतच नाही, बादलीत पाय घालून पळल्यासारखं. साधी जाळी बरी, भिजते पण निथळते.

बँकेत गेले. "पिन तुम्हीच टाकलाय ना मॅडम?" पोलीस स्टेशनला गेले. "बूट मिळालेत ना? मग ही फसवणूक नाही, हा ग्राहकाचा विषय." ग्राहकवाले म्हणाले, विक्रेत्याचा पत्ता आणि बिल आणा. अहो पत्ता असता तर मीच गेले नसते का! परत पोलिसांकडे, तर म्हणे स्क्रीनशॉट पेनड्राइव्हमध्ये आणा. नेला. त्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला तिथल्या एकाने शांतपणे विचारलं, "पण या वयात पळायचंच कशाला?" तीन अर्धे दिवस रजा, रिक्षाचे 240, आणि हातात काय तर पोच नसलेला अर्ज. माझी चूक मी शंभर वेळा मान्य करते, पण लुटणारा एकदाच लुटतो, हे लोक रोज थोडं थोडं करतात.

तर पैसे गेल्या गेल्या, रडत न बसता, 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी सहा दिवसांनी केला. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, पण बिल हवं, म्हणून बिल आणि जीएसटी नंबर नसेल तर घेऊच नका. बूट दुकानात, संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घालून बघा, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा, जुने बूट बरोबर न्या म्हणजे कुठे झिजलेत ते दाखवता येतं. आणि घरातलं कोणी "हे कोण?" विचारलं तर त्याच्या अंगावर जाऊ नका.

ते बूट टाकूनही देता येत नाहीत, पुरावा आहे म्हणे. खोक्यासकट गॅलरीत ठेवलेत. पाऊस आला की गोंदाचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि अहो काही न बोलता खिडकी लावून घेतात.