महापालिकेचे रुग्णालय की खासगी? आधी घरातली धावणारी माणसे मोजा

आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलावे लागणार आहेत आणि शस्त्रक्रिया महापालिकेच्या रुग्णालयात करावी की खासगी, हे त्यांना ठरवायचे आहे. गेल्या तीन वर्षांत आमच्या घरात दोन्हीकडचा अनुभव आला असल्याने त्या चौकशीला आल्या. माझ्या मोठ्या काकांच्या मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया मुंबई महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात झाली आणि सासूबाईंचे गुडघे पश्चिम उपनगरातल्या एका बहुमजली खासगी रुग्णालयात बदलले गेले. दोघेही आज आपल्या पायांनी जिना उतरतात. त्यामुळे कोणते सर्जन चांगले, हा वाद मी घालणार नाही. खाटेभोवतीची शंभर लहानमोठी कामे कोण करते, यावर ही निवड अवलंबून आहे असे माझे मत झाले आहे.

केईएम, नायर, सायनचे लोकमान्य टिळक किंवा जुहूचे कूपर यांसारखी महापालिकेची मोठी रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत. केईएम तर 1926 पासून चालू आहे. महाविद्यालय असल्याचा रुग्णाला मिळणारा सर्वांत मोठा फायदा म्हणजे वॉर्डात रात्री दोन वाजताही निवासी डॉक्टर असतो, आणि तो त्याच विषयाचे शिक्षण घेत असतो. सकाळच्या राउंडला सर येतात तेव्हा त्यांच्यामागे सात-आठ जणांचा घोळका असतो आणि आपल्या दुखण्याची चर्चा सगळ्यांसमोर, तीही इंग्रजीत, होते. काकांना त्याचा संकोच वाटला नाही, उलट "आज माझ्यावर लेक्चर झाले" असे ते अभिमानाने सांगत. ज्यांना एकांत हवा असतो त्यांना मात्र तेथे फार जड जाते.

खासगी रुग्णालयात रात्री सहसा आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, असतो आणि मुख्य डॉक्टर फोनवर सल्ला देतात. तेच डॉक्टर दिवसभरात दोन-तीन रुग्णालये करीत असतील, तर राउंडची वेळ नक्की नसते. अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयाने 2009 मध्ये सुरुवातीपासूनच पूर्णवेळ तज्ज्ञांची पद्धत स्वीकारली, पण सगळीकडे तसे नाही. म्हणून डॉक्टर ठरवताना "आपण येथे रोज किती वाजता असता?" हा प्रश्न निःसंकोच विचारावा.

आता कामांकडे वळतो. काकांच्या दाखल होण्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरने माझ्या हातात रक्ताच्या तीन नळ्या आणि एक फॉर्म दिला आणि "पॅथॉलॉजीत देऊन या" असे सांगितले. पॅथॉलॉजी दुसऱ्या इमारतीत होती. नळ्यांवर चिकटपट्टी लावून वॉर्डाचा नंबर पेनाने लिहिलेला होता आणि घामाने तो पुसला जाऊ नये म्हणून मी त्या रुमालात धरून नेल्या. लिफ्टसमोर स्ट्रेचरची रांग असल्याने जिन्यानेच गेलो. रिपोर्ट आणायला संध्याकाळी पुन्हा तीच वारी झाली. एक्स-रेला नेताना वॉर्डबॉय मामा मोकळे नसतील तर चाकाची खुर्ची आपणच ढकलायची असते, आणि भांडारात नसलेले औषध समोरच्या दुकानातून आणायचे असते. पुरुषांच्या वॉर्डात रात्री पुरुष नातेवाईकच थांबू शकत असल्याने आम्ही तीन भावंडांनी पाळ्या लावल्या. रात्री खाटेखाली प्लॅस्टिकची चटई आणि उशाला पिशवी. अकरा दिवसांत माझ्या कार्यालयातील सात सुट्या गेल्या.

या मेहनतीच्या बदल्यात खर्च मात्र नगण्य आला. 10 रुपयांचा केसपेपर, खाटेचे नाममात्र शुल्क आणि रुग्णाचे जेवण रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून. पैशांची खरी गाठ कृत्रिम सांध्याशी पडते. तेव्हा दाखल होण्यापूर्वीच रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, टेबलाशी जावे आणि ही शस्त्रक्रिया राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे विचारावे. शस्त्रक्रियेनंतर विचारून उपयोग होत नाही. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला तारीख मिळेपर्यंत थांबावे लागते, हेही गृहीत धरावे. काकांचा खुबा मोडला होता म्हणून त्यांचे काम लवकर झाले.

भेटायला येणाऱ्यांच्या बाबतीत दोन्हीकडचे नियम कागदावर सारखेच वाटतात, प्रत्यक्षात मात्र फार फरक पडतो. महापालिकेच्या वॉर्डात साधारणतः दुपारी 4 ते 6 ही भेटीची वेळ असते आणि त्या दोन तासांत अख्खी चाळ येऊन जाते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायकोही आपल्या काकांना डब्यातली पेज वाढते. खासगी रुग्णालयात एक अटेंडंट पास आणि एक भेटीचा पास मिळतो, तो दारावरच्या यंत्राला दाखवावा लागतो आणि दुसरा माणूस खाली लॉबीत वाट पाहतो. फुले आणि बाहेरचे अन्न वर नेऊ देत नाहीत. सासूबाईंनी तेथल्या आहारतज्ज्ञांनी पाठवलेली मुगाची खिचडी तीन दिवस जवळजवळ तशीच परत पाठवली, आणि घरून नेलेला वरणभाताचा डबा सुरक्षारक्षकाने टेबलावर ठेवून घेतला. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे, पण बाहत्तर वर्षांच्या माणसाला ते पटवणे अवघड जाते. बाकी रक्त नेणे, खुर्ची ढकलणे, चादर बदलणे यांपैकी एकाही कामाला आम्हाला हात लावावा लागला नाही.

तेथे धावपळ होते ती कागदांची आणि पैशांची. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 पासून कमाल मर्यादा घातलेली असल्याने बिलातला मोठा फरक सांध्यामुळे पडत नाही, खोलीमुळे पडतो. अनेक खासगी रुग्णालयांत जनरल, ट्विन शेअरिंग (दोन रुग्णांची खोली), सिंगल असा खोलीचा दर्जा वाढला की सर्जनचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचे भाडेही वाढते. विमा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा 5,000 रुपये असेल आणि आपण 10,000 ची खोली घेतली, तर फरकाचे 5,000 भरून सुटका होत नाही. सर्जनचे शुल्क, शस्त्रक्रियागृह यांसारख्या खर्चांतही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, कपात होऊ शकते. औषधे आणि कृत्रिम सांधा या कपातीतून वगळलेले आहेत. शिवाय अतिदक्षता विभाग वगळता रोजचे भाडे 5,000 च्या वर गेले की जुलै 2022 पासून त्यावर 5 टक्के जीएसटी लागतो. आम्ही यातले काहीही न वाचता खिडकीतून झाडे दिसतात म्हणून सिंगल खोली घेतली होती. ती झाडे आम्हाला फार महाग पडली.

घरी सोडण्याचा दिवस ही खासगी रुग्णालयाची खरी परीक्षा असते. सकाळी नऊ वाजता "आज डिस्चार्ज" असे सांगितले गेले आणि आम्ही संध्याकाळी साडेसहाला बाहेर पडलो, कारण बिल विमा कंपनीकडे आणि शंका परत रुग्णालयाकडे अशी ये-जा चालली होती. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत द्यायची आहे आणि उशिरामुळे वाढलेला रुग्णालयाचा खर्च विमा कंपनीने सोसायचा आहे. हे काउंटरवर शांतपणे सांगता येते. त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हते.

या दोहोंच्या मधला एक रस्ता बहुतेकांना माहीत नसतो. जसलोक, लीलावती, बॉम्बे हॉस्पिटल यांसारखी रुग्णालये धर्मादाय न्यासांची असल्याने उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हाताशी असेल तर समाजसेवा विभागात जाऊन खाट रिकामी आहे का, हे विचारावे.

ये-जा करण्याचा हिशेबही धरावा. परळच्या रुग्णालयांकडे पश्चिमेकडून गाडीने येणाऱ्यांना एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर 2025 मध्ये बंद झाल्यापासून टिळक पुलाचा किंवा करी रोडचा वळसा पडतो.

जोशीकाकूंचा मुलगा पुण्याला असतो, सून नोकरी करते आणि जोशीकाकांना स्वतःलाच दम लागतो. रक्ताच्या नळ्या घेऊन जिने चढणारे त्यांच्या घरात कोणी नाही. त्यांची विमा पॉलिसी आम्ही बसून वाचली, तेव्हा खोलीभाड्याची मर्यादा 4,000 निघाली. काकू आता कोणत्या रुग्णालयात त्या भाड्यात ट्विन शेअरिंगची खोली मिळते, याची फोनवरून चौकशी करीत आहेत.