चेंडू पुसायचा की हलवायचा? ओल्या गोल्फ कोर्सवर कोणता लोकल रूल लावावा

रात्रभर पाऊस झालाय, पहिला ग्रुप तासाभरात टी-ऑफ करणार (पहिला फटका मारणार) आहे आणि आज कोणता लोकल रूल, म्हणजे मूळ नियमांना जोडून क्लबने लावलेला नियम, लावायचा हे तुम्हाला ठरवायचंय. अशा वेळी अनेकदा सवयीनेच फळ्यावर दोन शब्द लिहिले जातात: ‘प्रिफर्ड लाय’, म्हणजे चेंडू उचलून जवळच्या बऱ्या जागी ठेवायची मुभा. माझं म्हणणं असं की फळ्याकडे वळण्याआधी दोन-तीन फेअरवे (ग्रीनकडे जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे) चालून या आणि बिघाड नेमका कुठे आहे ते बघा. चेंडूला चिखल लागतोय? गवतच उडालंय? की कोर्सचा एखादाच तुकडा खराब आहे? या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की कुणाला तरी न मागता फायदा मिळतो.

आधी काहीच न लावण्याचा पर्याय बघू. लोक याला पर्यायच मानत नाहीत, पण खेळाचा पाया तोच आहे: नियम ९ प्रमाणे चेंडू जिथे थांबला तिथून खेळायचा. शिवाय मूळ नियमांतही ओल्या जमिनीसाठी बरीच सोय आहे. साचलेलं पाणी असेल तर नियम १६.१ खाली फुकट रिलीफ (पेनल्टीशिवाय चेंडू हलवायची सूट) मिळतो. अट एवढीच की स्टान्स (मारण्यासाठी उभं राहणं) घेण्याआधी किंवा घेतल्यावर, पाय मुद्दाम न दाबता, पाणी जमिनीवर दिसलं पाहिजे. जमीन नुसती पचपचीत असून भागत नाही. चेंडू पडल्यावर स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर १६.३ आहे, आणि २०१९ पासून ती सवलत रफमध्येही (फेअरवेबाहेरच्या उंच गवतातही) मिळते: चेंडूच्या लगेच मागच्या जागेपासून एक क्लब-लेंथच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप, म्हणजे हातातून चेंडू सोडणं. या दोन्ही रिलीफमध्ये चेंडू पुसून घेता येतो, हे पुष्कळ खेळाडूंना ठाऊक नसतं. बंकरमधल्या वाळूत रुतलेल्या चेंडूला मात्र ही सवलत नाही.

खरी अडचण होते ती चेंडू रुतत नाही पण चिखल उचलतो तेव्हा. फेअरवेच्या मधोमध बसलेला चेंडू उभ्याने पांढरा स्वच्छ दिसतो. वाकून बघावं तर उजव्या कुशीला नखाएवढा काळा गोळा चिकटलेला असतो. साधारणपणे चेंडू चिखलाच्या विरुद्ध बाजूला वळतो, म्हणजे हा डावीकडे जाणार. पण किती जाणार, ते मारल्याशिवाय कळत नाही. चांगल्या ड्राइव्हची ही शिक्षा मला पटत नाही. रफमध्ये मारणाऱ्याचा चेंडू कधीकधी गवतावर अलगद, कोरडा राहतो आणि सरळ मारणाऱ्याचा चिखलात लोळतो.

२०२५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये (पुरुषांच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक), क्वेल हॉलो कोर्सवर, हाच प्रश्न आला. आठवड्याच्या सुरुवातीला भरपूर पाऊस झाला होता, तरी पहिल्या फेरीत चेंडू आहे तिथूनच खेळायचा निर्णय झाला. स्कॉटी शेफलर आणि झँडर शॉफली या दोघांचेही १६ व्या होलवर फेअरवेतून मारलेले चिखलाचे चेंडू पाण्यात गेले. दोघांनाही डबल बोगी (पारपेक्षा दोन फटके जास्त) बसली आणि दोघांनीही उघड नाराजी व्यक्त केली. स्पर्धा शेवटी शेफलरनेच जिंकली, पण त्यामुळे तक्रार खोटी ठरत नाही.

चिखल हीच अडचण असेल तर तिच्यावरचा नेमका उपाय म्हणजे मॉडेल लोकल रूल (क्लबांसाठी तयार नमुना) ई-२: उचला, पुसा, परत तिथेच ठेवा. उचलण्याआधी जागा मार्क करायची, तोच चेंडू पुसायचा आणि त्याच जागेवर ठेवायचा. डिव्हॉटमध्ये (आधीच्या फटक्याने गवत उखडून झालेल्या खळग्यात) असेल तर पुसून पुन्हा डिव्हॉटमध्येच. खेळाडू यावर कुरकुरतात, पण मला हा नियम फार न्याय्य वाटतो. निसर्गाने चेंडूला जे चिकटवलं ते काढून दिलं, बाकी खेळ होता तसाच राहिला. एक धोका मात्र आहे. प्रिफर्ड लायच्या सवयीमुळे लोक मार्कर न ठेवताच चेंडू उचलतात. माझ्या ग्रुपमधल्या एकाने पहिल्याच होलवर तसं केलं, आणि चेंडू चोख त्याच जागी ठेवूनही त्याला एक स्ट्रोकची (फटक्याची) पेनल्टी घ्यावी लागली. म्हणून ई-२ लावलात तर स्टार्टरने (ग्रुपना खेळायला सोडणाऱ्याने) ‘आधी मार्क’ हे प्रत्येक ग्रुपला तोंडी सांगायला हवं.

ई-३, म्हणजेच प्रिफर्ड लाय, त्याच्या बराच पुढे जातो. चेंडू फेअरवेच्या किंवा त्याहून कमी उंचीला कापलेल्या गवतावर असेल तर खेळाडू तो चेंडू, किंवा दुसरा चेंडूसुद्धा, ठरलेल्या अंतरात होलच्या जवळ न जाता हाताने ठेवू शकतो. ग्रीन, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताभोवतीची कापलेली झालरही यात येते. मोकळ्या मातीचा पट्टा, डिव्हॉट, उखडलेली मुळं यांतून सुटका होते. गवत खरोखरच गेलं असेल तेव्हा दुसरा चांगला उपाय नाही, कारण नुसता पुसलेला चेंडू उघड्या मातीवरच परत बसणार. शिवाय नव्याने रुजणारी हिरवळही वाचते, आणि मेंटेनन्सच्या लोकांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण अंतर किती द्यायचं हे ठरवताना घाई नको. ६ इंच, एक स्कोअरकार्ड किंवा एक क्लब-लेंथ असे पर्याय प्रचलित आहेत. क्लब-लेंथ म्हणजे पटर सोडून बॅगेतला सगळ्यात लांब क्लब, म्हणजे बहुतेकांचा ड्रायव्हर. तो ४५ इंची धरला तर अंतर ६ इंचांच्या साडेसात पट होतं, आणि निवडायला मिळणारी जागा क्षेत्रफळाने ५६ पट. एवढ्या जागेत चिखलच चुकतो असं नाही. उतारावरून सपाटीवर येता येतं, आड येणारी फांदी टाळता येते. फेअरवेच्या काठावरचा चेंडू तर रफमध्येही ठेवता येतो, कारण नियमाची अट जनरल एरियात (टी, बंकर, पेनल्टी एरिया आणि ग्रीन सोडून बाकीच्या कोर्सवर) राहण्याची आहे, फेअरवेवर राहण्याची नाही. गवत ठिकठिकाणी उडालं असेल तर ६ इंच पुरतात. मोठमोठे पट्टे गेले असतील तेव्हाच मी क्लब-लेंथला हो म्हणेन, आणि तेव्हाही आधी पुढचा पर्याय तपासून.

तो पर्याय म्हणजे खराब तुकड्याभोवती रेघ ओढून त्याला ‘ग्राउंड अंडर रिपेअर’ (दुरुस्तीखालची जमीन) ठरवणं. दोन-चार होलवरच दुरवस्था असेल तर अठराही होलवर चेंडू हलवू देण्यात अर्थ नाही. रेघेच्या आत अडकलेल्याला १६.१ खाली पूर्ण रिलीफ मिळतो, बाकीचे नेहमीसारखे खेळतात. वेळ आणि चुना लागतो, म्हणून हे टाळलं जातं.

ई-३ रफपर्यंत वाढवू नका. झुडपात किंवा झाडाच्या बुंध्याशी अडकलेला चेंडू फुकटात बाहेर आणायला नियम मदत करू लागतो.

आणि फेरी सुरू झाल्यावर काही बदलू नका. २०१६ च्या बाल्टस्रॉल कोर्सवरच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये वादळामुळे रविवारी तिसऱ्या फेरीचा उरलेला भाग आणि चौथी फेरी दोन्ही खेळवाव्या लागल्या. प्रिफर्ड लाय फक्त चौथीला होती. म्हणजे एकाच सकाळी, एकाच कोर्सवर काही जण चेंडू हाताने ठेवत होते आणि काही जण आहे तसा मारत होते. नियमात ते बसतं, कारण नियम फेरीगणिक लागू होतो. जिमी वॉकरने ती स्पर्धा एका स्ट्रोकने जिंकली. क्लबच्या स्पर्धेत असा गोंधळ सांभाळायला रेफरींची फौज नसते, म्हणून पहिल्या टी-ऑफआधी ठरवा आणि शेवटच्या पटपर्यंत तेच ठेवा.

ई-३ लावलात तर खेळाडूंच्या दोन चुका हमखास दिसतील. एक, क्लबच्या टोकाने चेंडू ढकलत चांगल्या गवतावर आणणं. तो हातानेच ठेवायचा असतो. जागा बरोबर असली तरी ढकलण्याला एक स्ट्रोक आहे. दुसरी, ठेवल्यावर मन बदलून पुन्हा उचलणं. ही संधी एकदाच असते. ठेवून हात सोडला की चेंडू खेळात आला. ठरलेल्या अंतराबाहेरून मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये (जिथे एकूण फटके मोजतात) दोन स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये (जिथे होलगणिक लढत असते) होल गेला.

फळ्यावर ‘प्रिफर्ड लाय’ एवढंच लिहून भागत नाही, कारण त्यातून अंतरही कळत नाही आणि जागाही. पूर्ण लिहा: ‘आजच्या फेरीसाठी ई-३ लागू. फक्त फेअरवेच्या उंचीचं गवत. अंतर ६ इंच. होलच्या जवळ नाही. एकदाच.’ किंवा, नुसता चिखल असेल तर: ‘ई-२ लागू. फक्त फेअरवेच्या उंचीचं गवत. आधी मार्क करा, पुसा, तिथेच ठेवा.’ दुपारी ऊन पडून जमीन सुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक चक्कर मारा आणि गरज उरली नसेल तर तो मजकूर पुसून टाका.