हार्नेस, पट्टा, सीटकव्हर आणि आमची बिट्टी : नऊ महिन्यांनंतर

वस्तू घरी आली की दुसऱ्याच दिवशी पाच तारे देऊन मोकळी होणाऱ्यांतली मी. या वेळी मुद्दाम थांबले. नऊ महिने झालेत, आमची कुत्री बिट्टी आता गाडीचं दार उघडायचा अवकाश, आत उडी मारते. पण त्यात या तीन वस्तूंचा वाटा किती आणि आम्ही काढलेल्या खस्तांचा किती, ते आधी सांगते.

बिट्टी सहा महिन्यांची असताना आमच्याकडे आली. येतानाच गाडीत तीनदा ओकली. त्यानंतर गाडीत बसायचं ते फक्त डॉक्टरकडे जायला. म्हणजे एक तर उलटी, नाही तर इंजेक्शन. किल्ल्या खुळखुळल्या की बाई पलंगाखाली. आणि आमचं शहाणपण असं, की एका रविवारी एकदमच सगळं सामान मागवलं: छातीवर रुंद पट्टे असलेला हार्नेस, सीटबेल्टच्या खाचेत अडकवायचा छोटा पट्टा आणि मागच्या सीटवर झोळीसारखं बांधायचं कव्हर. ते सगळं चढवून तिला थेट लांब घेऊन गेलो. तिने पट्टा कुरतडला आणि कव्हर कसं धुवायचं हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं.

मग सगळं थांबवून पहिल्यापासून सुरुवात केली. पहिले काही दिवस हार्नेस फक्त घरात, जेवणाच्या वेळी. गाडी बंद, चारही दारं उघडी, आत खाऊ ठेवलेला. ती यायची, खायची, पळायची. पळू दिलं. ओढून आत बसवायचं नाही हे ठरलेलंच होतं. तिला इंजिनापेक्षा जास्त धास्ती बकलच्या ‘खट्’ आवाजाची आहे, हे मला बरंच उशिरा लक्षात आलं. खट् झालं की कान मागे, मान खाली. म्हणून सोफ्यावर बसून मी नुसतं बकल वाजवायचे आणि प्रत्येक ‘खट्’ला खाऊचा एक तुकडा द्यायचे. मुलगा म्हणाला, आईला वेड लागलंय. चौथ्या दिवशी आवाज झाल्यावर ती माझ्या हाताकडे बघायला लागली. मग इंजिन चालू, पण गाडी जागेवरच. मग कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. या सगळ्यात पाच आठवडे गेले. मधे एकदा घाई केली आणि दहा दिवस मागे गेलो.

तिला मळमळतंय हे ओकायच्या बरंच आधी दिसतं. पुन्हा पुन्हा जांभया, ओठ चाटणं, आणि मग खालच्या ओठावरून लोंबणारी लाळेची तार. आवडीचा खाऊही नाकारला, तर त्या दिवसापुरतं तिथेच थांबायचं. पिल्लांमध्ये कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा पुरती तयार झालेली नसते, त्यामुळे त्यांना गाडी जास्त लागते. वाढत्या वयात अनेकांचं कमी होतं, बिट्टीचंही झालं. निघण्याआधी तीन-चार तास पोटात काही नाही, पाणी मात्र थोडं थोडं. लांबच्या प्रवासाला डॉक्टरांनी मॅरोपिटंट या उलटी थांबवणाऱ्या औषधाची गोळी लिहून दिली होती, निघायच्या किमान दोन तास आधी द्यायची. आपल्या मनाने झोपेचं औषध देण्याचे सल्ले मलाही मिळाले, ते मी ऐकले नाहीत.

आता वस्तूंबद्दल. हार्नेस चांगला आहे. गाडीतला पट्टा गळ्यातल्या कॉलरला कधीही अडकवू नका, जोराचा ब्रेक लागला की सगळा हिसका मानेवर येतो. ताशी 50 किलोमीटरवरून गाडी आदळून थांबणं म्हणजे साधारण 10 मीटरवरून खाली पडणं. हे गणित मांडल्यावर तिला मांडीवर घेऊन बसायचं खूळ आमच्या घरात संपलं. पुढच्या सीटचा तर प्रश्नच नाही, तिथे एअरबॅग आहे. तक्रार एकच: तिसऱ्या महिन्यात काखेत केस विरळ झाले. पट्टा घट्ट बसला होता. आता खाली दोन बोटं आरामात जातील इतका सैल ठेवते.

छोट्या पट्ट्यावर मात्र माझा राग आहे. एका वळणावर बिट्टी उठली, तिचा पाय नेमका बकलच्या लाल बटणावर पडला आणि पट्टा सुटला. मागे वळून बघते तर ही बाई दोन सीटांच्या मधून माझ्याकडे बघतेय! तेव्हापासून तो पट्टा अडगळीत. आता गाडीचाच सीटबेल्ट हार्नेसच्या पाठीवरच्या पट्टीतून ओवते आणि बकल कव्हरखाली दाबून ठेवते. लांब, ताणले जाणारे पट्टे मोह घालतात, ‘बिचारीला हलता येईल’ म्हणून. पण जितकी ढील जास्त, तितकी ती पुढे जाऊन आदळणार. उठता, बसता आणि आडवं होता आलं की पुरे.

कव्हर धुवायला सोपं, पण गुळगुळीत. वळणावर ती घसरायची, पाय रोवून उभी राहायची आणि त्यानेच अधिक घाबरायची. वर जुनी रबरी तळाची चटई टाकली आणि त्याच दिवशी ती पहिल्यांदा गाडीत झोपली. अख्ख्या खरेदीत सर्वांत कामाची ठरली ती ही फुकटची चटई!

कोणतीही वस्तू भरून काढू शकत नाही अशी एक चूक आमच्या घरात होता होता राहिली. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून नवरा तिला बंद गाडीत ठेवून उतरत होता. सावलीसुद्धा होती. उन्हात उभ्या बंद गाडीत तासाभरात तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे 22 अंश सेल्सिअसने वाढू शकतं, त्यातला बराचसा भाग पहिल्या अर्ध्या तासातच, आणि काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. सावली सरकते, पाच मिनिटांची वीस होतात. कुत्रं अंग गार करतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि आतली हवाच तापली की तेही चालत नाही. आता आमच्यापैकी एक जण तिच्याबरोबर उतरतो, नाही तर तिला घरीच ठेवतो.

हार्नेसला चार तारे, कव्हरला तीन, पट्ट्याला एक, तोही शिवण मजबूत होती म्हणून. वायपर चालू झाले की बिट्टी अजून भुंकते. त्यावर सध्या काम चालू आहे: गाडी जागेवरच उभी, हातात खाऊ, आणि काचेवर पाणी मारायला मुलगा.